डाव्या पिळाची तार

तारेचा पीळ डावा होता... बॉनेटखाली वाकलेल्या चंद्रप्पाने त्या तारेने आवळलेला नळीचा वीतभर तुकडा ओढून काढला, उजेडात धरला आणि पुन्हा पाहिलं. डावाच. अख्ख्या लातुरात तार अशी उलटी पिळणारा डावखुरा मिस्त्री एकच, आणि तो आत्ता घामाने निथळत इथेच उभा होता.

गाडी व्यंकटराव डॉक्टरांची, जुनी विलायती मॉरिस. डॉक्टर गेल्या वर्षी वारले. गाडी हैदराबादच्या कुणा शौकिनाने घेतली आणि त्याला सगळं मुळासारखं चालू हवं होतं, हीटरसकट. हीटर! मे महिना, डोक्यावर तापलेला पत्रा, आणि म्हणे हीटर! जिल्हा नवा झाला म्हणून चंद्रप्पाने औशाहून गॅरेज इथे हलवलं, साहेबलोकांच्या जिपा दुरुस्त केल्या, हात म्हणून रिकामा राहू दिला नाही — तरी ही बया शोधत आलीच.

त्याने हीटरची जाळी सोडवली — रेडिएटरचंच पिल्लू, वहीएवढं — आणि उलटी करून ठोकली. पिवळा गाळ पडला, वाळून भुगा झालेला... बहात्तरच्या दुष्काळातला, विहिरीच्या तळाचा. तेव्हा ही जाळी गळायची. डॉक्टर रोज खडीच्या कामांवर जायचे आणि दर पाच-सहा मैलांना गाडीत पाणी ओतावं लागायचं. खडी फोडणाऱ्या बाया हातोडे थांबवून त्या पाण्याकडे बघत राहायच्या. चंद्रप्पाला ते बघवेना. त्याने हा नळीचा तुकडा घातला, वर तार पिळली आणि जाळीकडे जाणारं पाणी परस्पर इंजिनात वळवलं. गळती बंद. डॉक्टरांना सांगायचं राहून गेलं... आणि सांगण्यासारखं होतं तरी काय त्यात? औशात हीटर लावतो कोण?

मग जानेवारीत गौरम्मा, त्याची बायको, सातव्याच महिन्यात बाळंत झाली. पोरगी मुठीएवढी. तिला कापसात गुंडाळली आणि पहाटेच्या थंडीत डॉक्टर स्वतः गाडी चालवत लातूरच्या दवाखान्याकडे निघाले. गौरम्मा पोरीला छातीशी धरून पुढे, चंद्रप्पा मागे. डॉक्टरांनी हीटरचा खटका ओढला. म्हणाले, "घाबरू नकोस पोरी, हीटर लावलाय. आत्ता ऊब येईल."

आणि मी मागे बसलो होतो. मला त्याच क्षणी आठवलं, जाळीत गरम पाणी जातच नाही. दहा मिनिटांचं काम, पक्कड डिकीतच होती — पण गाडी थांबवली तर उशीर, आणि न थांबवली तर... मी म्हटलं, पोचूच आता. बुधोडा गेलं. डॉक्टर पुन्हा म्हणाले, "येईल हं, येईल." मी तोंड शिवल्यासारखा बसून राहिलो. दवाखान्याचं फाटक दिसलं तेव्हा गौरम्मा म्हणाली, "अवो, ही हलंना."

चंद्रप्पाने जाळीला डाख दिला. पाण्यात बुडवून फुंकून पाहिली. एकही बुडबुडा आला नाही. काम चोख झालं, आणि त्याचाच त्याला संताप आला. जाळी बसवून, नळ्या जोडून त्याने इंजिन चालू केलं.

दुपारची भाकरी घेऊन आलेली गौरम्मा गाडी ओळखून दारातच थांबली. मग काही न विचारता पुढच्या सीटवर, त्याच जागी जाऊन बसली.

"नीट झालाय का त्यो हीटर? लावा की."

त्याने खटका ओढला. गरम हवेने तिच्या लुगड्याचा काठ हलला. कपाळावरून घाम ओघळत होता, तरी तिने पाय मागे घेतले नाहीत. उलट दोन्ही तळवे पुढे धरले.

"आली," ती म्हणाली. "डॉक्टर खोटं बोलले न्हाईत. त्या दिशी वाटच थोडी पडली. अजून जरा येळ मिळाला असता तर आली असती, न्हाई का हो?"

"हाव," चंद्रप्पा म्हणाला. "आली असती."

तिने डोळे मिटले. अकरा वर्षं आवळलेलं काहीतरी तिच्या चेहऱ्यावरून सैल झालं. अकरा वर्षं तो नुसता गप्प होता... कधीतरी सांगू, म्हातारपणी का होईना सांगू, असं स्वतःला बजावत. खोटं आज पहिल्यांदा बोलला. आता सांगायचं म्हणजे हे सुद्धा तिच्याकडून काढून घ्यायचं.

त्याने खटक्याकडे हात नेला.

"राहू द्या जरा," ती डोळे न उघडता म्हणाली.

तो तसाच उभा राहिला. नळीवरून सोडवलेली ती तार मुठीत रुतत होती आणि ती टाकून द्यावीशी त्याला वाटेना.