वारुळाआडची संमती

कापाम्ब्वेला नवा खाणकायदा पाठ होता. जुनाही पाठ होता, आणि त्याच्या आधीचाही. तीच त्याची नोकरी. सरकार बदललं की कायदा बदले, अर्थसंकल्प आला की पुन्हा बदले, आणि कंपनीच्या परदेशी मालकाला, फर्गस साहेबांना, तो दर खेपेला ते न घाबरवता समजावून सांगे.

या खेपेला मात्र तो स्वतःच घाबरला. आजवर टेकडी खणायला गावप्रमुखाचा होकार पुरायचा. आता जमीन जो कसतो त्याची संमती हवी होती, आणि ती कंपनीच्या स्थानिक माणसाने स्वतः, तोंडी, खाणखात्याच्या अधिकाऱ्यादेखत मागायची होती. टेकडीवर रताळी होती बाना चोलाची. म्हणजे कापाम्ब्वेच्या सासूची.

आणि बेम्बा जमातीत जावई सासूशी बोलत नाही. ती त्याला समारंभाने घरात घेऊन जेवू घालेपर्यंत तर नाहीच नाही. ते जेवण कापाम्ब्वे लग्नापासून पुढे ढकलत आला होता. कधी साहेब यायचे, कधी कायदा बदलायचा. वाटेत सासू दिसली की हा गवतात शिरायचा.

"साहेब, दुसऱ्या कुणाला पाठवा."

"दुसरं कोण आहे? आज संमती नाही मिळाली तर मी शेजारच्या देशात जातो. तू मग घरी बस."

घरी बसायचं म्हणजे सासूच्या गावात. कापाम्ब्वे निघाला.

टेकडीच्या पायथ्याशी बाना चोला चटई टाकून पाठमोरी बसली होती. खाणखात्याचा अधिकारी आणि फर्गस साहेब बाजूला उभे होते. कापाम्ब्वेने पुरुषभर उंचीचं वारूळ गाठलं आणि त्यामागे बसला.

अधिकारी म्हणाला, "समोर या की हो."

"समोरच आहे साहेब. मध्ये वारूळ आलंय, एवढंच."

"मग बोला तरी!"

वारूळ खाकरलं. चटई आणखी थोडी पलीकडे सरकली. फर्गस साहेब घड्याळाकडे बघू लागले.

तेव्हा कापाम्ब्वेला रविवार आठवला. त्यांच्या ख्रिस्ती देवळात प्रवचन गातात. तो गायला उभा राहिला की बायकांच्या घोळक्यातून पहिला प्रतिसाद बाना चोलाचाच येई, आणि त्याला आजवर कुणी बोलणं म्हटलं नव्हतं. देवाच्या दारी सासू-जावई कुठले? तिथे नुसते गळे असतात.

त्याने डोळे मिटून सूर लावला. "ऐका हो, एका माणसाला टेकडी हवी होऽऽ!"

बाना चोलाचं डोकं हललं. सवयच ती. "हवी होऽऽ, हवी हो!"

"टेकडीत आहे तांबं होऽऽ!"

"तांबं हो! वर माझी रताळी हो!"

शेजारणी टाळ्या वाजवत गोळा झाल्या. अधिकाऱ्याचाही पाय ताल धरू लागला.

"आई देईल का टेकडी होऽऽ?"

बाना चोला आता उभीच राहिली. "टेकडी मागाया आला होऽऽ, जेवाया का नाही आला? कोंबडी वाट बघून म्हातारी झाली होऽऽ! आधी माझ्या घरात ये, मग तुझा साहेब टेकडीवर येऊ दे होऽऽ!"

"काय म्हणतायत त्या?" फर्गस साहेबांनी विचारलं.

"जेवून जा म्हणतायत."

"आणि संमती?"

"हात धुतल्यावर."

संध्याकाळी कापाम्ब्वे मान खाली घालून सासूच्या उंबऱ्याच्या आत आला. बाना चोलाने त्याच्यापुढे मक्याच्या पिठाचा घट्ट न्शिमा आणि अख्खी कोंबडी ठेवली आणि प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिलं.

"वाळलास रे."

कापाम्ब्वेने ताट जवळ ओढलं. "होय आई," एवढंच म्हणाला.

इतक्यात फर्गस साहेबांशेजारी जेवायला बसलेल्या अधिकाऱ्याचा फोन वाजला. खाणमंत्री बदलले होते. नवे मंत्री म्हणत होते, पूर्वीसारखा गावप्रमुखाचाच होकार पुरे.

फर्गस साहेबांचा हात ताटातच थांबला. "म्हणजे हे सगळं वाया?"

"सरकारचं सरकार बघेल," बाना चोला कापाम्ब्वेला म्हणाली. "तुझ्या साहेबाला सांग, रताळी निघेपर्यंत टेकडीला हात लावायचा नाही. मग खुशाल खणा."

कापाम्ब्वेने सांगितलं. साहेबांनी थोडा विचार केला.

"गावप्रमुखाचा होकार घेऊच. पण यांचाही राहू दे. पुन्हा मंत्री बदलतील, तेव्हा विचारायला तूच ये."

"गाऊन विचारू का?"

"आता कशाला?" बाना चोला म्हणाली, आणि साहेबांच्या ताटात न्शिमाचा आणखी एक गोळा पडला. "आणि रविवारी वरचा सूर लावू नकोस. तुला झेपत नाही."