नावाआधीचा रकाना

गळ्याच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज घोगरा झाला तो कायमचा. श्रवणयंत्रं विकणाऱ्या कंपनीत ती इंग्रजीतून येणारे ग्राहकांचे फोन घेते. ग्राहक तिला 'सर' म्हणतात, शेजारच्या खुर्चीवरचा सहकारी 'बुवा' म्हणतो. दोन्हींची तिला सवय झाली आहे. घरी हाक मारणारं कुणी उरलेलं नाही.

दर मंगळवारी साडेअकराला एका निवृत्त मास्तरीणबाईंचा फोन येई. यंत्राची बॅटरी कशी बदलायची हे त्यांना केव्हाच कळलं होतं. तरी त्या 'त्या सरांना द्या' म्हणत आणि बॅटरी बाजूला ठेवून वारलेल्या भावाबद्दल बोलत. घरात आता पुरुषाचा आवाज नाही, तुमचा ऐकला की बरं वाटतं, असं त्यांनी एकदा सांगितलं. त्यानंतर खरं सांगणं राहूनच गेलं. दोन वर्षं राहिलं. इंग्रजीत बोलण्यावरून बाई की पुरुष ते कळत नाही; खोटं बोलावं लागलं नाही, गप्प बसणं पुरलं.

मग कंपनीचा नियम आला. कुणाला सर-मॅडम म्हणायचं नाही, नुसतं नाव घ्यायचं. शिवाय प्रत्येक फोननंतर ग्राहकाला मेल जाईल; त्यात आपल्या नावाआधी मिस्टर, मिस किंवा एमएक्स लिहायचं. एमएक्स कुणासाठी, असं कुणीतरी विचारलं. बाई की पुरुष यात ज्यांना बसायचं नाही किंवा ते सांगायचं नाही त्यांच्यासाठी, असं टीम लीडरने सांगितलं.

शुक्रवारपर्यंत तिचा रकाना कोराच होता. तिचं नाव बायकांचंही असतं, पुरुषांचंही; त्यावरून काही कळलं नसतं. 'मिस' लिहिलं तर मंगळवार गेला. 'मिस्टर' लिहायला हात धजेना.

"एमएक्स टाक ना, बुवा," शेजारचा म्हणाला. "कुणाच्या अध्यात ना मध्यात."

तिने टाकलं.

मंगळवारी नेहमीसारखं बोलणं झालं, मेल गेला. तासाभरात मास्तरीणबाईंचा पुन्हा फोन. त्यांनी त्या दोन अक्षरांचा अर्थ शोधून काढला होता.

"दोन वर्षं मी तुम्हाला सर म्हणत आले," त्या म्हणाल्या. "तुम्ही एकदाही टोकलं नाहीत. मला फार लाज वाटते आहे. काय म्हणू ते सांगा, मी तेच म्हणेन."

सांगायला याहून चांगली वेळ येणार नव्हती. तिने तोंड उघडलंही. पण या प्रश्नाचं ठरवून दिलेलं उत्तर समोरच्या पडद्यावर होतं, आणि तिने ते वाचलं.

"आपल्याला सोयीचं वाटेल तसं आपण मला संबोधू शकता. आणखी काही मदत हवी आहे का?"

मग मास्तरीणबाई म्हणाल्या, नाही, आणखी काही नको.

पुढच्या मंगळवारी फोन आला. त्यांनी ग्राहक क्रमांक सांगितला, बॅटऱ्यांचं पाकीट मागवलं, पत्ता तोच असल्याचं सांगितलं. सर म्हटलं नाही, नावही घेतलं नाही. तिने आपण होऊन भावाचा विषय काढला. तुमचा वेळ घेत नाही, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. दोन मिनिटंही झाली नव्हती. कंपनीत फोन ऐकून तपासणाऱ्यांनी त्या फोनला पैकीच्या पैकी गुण दिले आणि नव्या लोकांना ऐकवण्यासाठी तो जपून ठेवला.