कोणालाही त्रास न देणारं पेडल

माझी बायको रित्सुको तीस वर्षं आमच्या प्रभागाच्या गायनवृंदात दुसऱ्या रांगेत उभी राहून गायली. खालच्या पट्टीतल्या बायकांचं काम असं, की त्या गात असल्या तर गाणं भरल्यासारखं वाटावं, पण कोण गातंय ते कोणाला कळू नये. या कामात ती इतकी तरबेज झाली की निरोप समारंभात संचालकांनी भर सभेत सांगितलं, "रित्सुकोबाईंचा आवाज तीस वर्षांत मला एकदाही वेगळा ऐकू आला नाही." सभागृहभर टाळ्या पडल्या. तिला एक फुलदाणी मिळाली. ती तिनं दारातल्या चपलांच्या कपाटावर ठेवली आणि त्याच आठवड्यात जाऊन गिटार घेऊन आली.

"हे काय?" मी विचारलं.

"गिटार."

"ते दिसतंय."

"मग विचारता कशाला?"

तेव्हा ती बासष्ट वर्षांची होती. मी नुकताच लिफ्ट तपासण्याच्या नोकरीतून निवृत्त झालो होतो, आणि घरात तपासण्यासारखं दुसरं काही नसल्यामुळे तिच्या गिटारकडे लक्ष देऊ लागलो.

वर्षभरात वृंदातल्याच चौघींचा बँड उभा राहिला. ड्रमवर कुरामोचीबाई. त्यांचं तोफूचं दुकान आहे. नवरा तोफू करतो, बाई कापतात, आणि कापण्याचा तो हात ड्रमवरही तसाच चालतो. कीबोर्डवर इसोबेबाई, बालवाडीतून निवृत्त झालेल्या. बास वाजवायला दंतवैद्यांची बायको. तिचं नाव मला सुरुवातीलाच नीट कळलं नाही आणि आता विचारायची वेळ निघून गेली आहे. स्टेशनजवळचा स्टुडिओ बुधवारी सकाळी स्वस्त पडतो, कारण तरुण बँड त्या वेळी झोपलेले असतात. म्हणून बँडचं नाव 'बुधवार सकाळ'.

ऑगस्टमध्ये आमच्या बाजारपेठेत उन्हाळ्याची जत्रा भरते. तिथे त्यांना एक गाणं मिळालं. त्या गाण्याच्या मध्यावर तीस सेकंद सगळ्या जणी मागे राहतात आणि गिटार एकटी पुढे येते. ते तीस सेकंद रित्सुकोच्या वाट्याला आले. एका संध्याकाळी मुळा सोलता सोलता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "एकदा तरी कोणीतरी ऐकून म्हणावं, ही रित्सुको." मग मुळा किसायला घेतला. विषय संपला. पण छत्तीस वर्षांच्या संसारात तिनं स्वतःसाठी मागितलेली ही दुसरीच गोष्ट होती. पहिली वातानुकूलन यंत्र.

जून संपता संपता कुरामोचीबाईंनी तिला सरावानंतर बाजूला घेतलं.

"रित्सुको, तुझे तीस सेकंद कुठे जातात गं?"

"वाजवते की मी."

"वाजवत असशील. माझ्यापर्यंत येत नाही. लोक पेडल लावतात म्हणे पायाशी, आवाज पुढे यायला. तू घे एखादं. जुलैच्या दुसऱ्या बुधवारपर्यंत बघू, नाहीतर तो तुकडा इसोबेबाईंना देते. त्यांना बालवाडीची सवय आहे, त्यांचा आवाज कुठूनही येतो."

इसोबेबाईंनी तेवढ्यात कीबोर्डचं झाकण फार काळजीपूर्वक पुसायला घेतलं.

शनिवारी आम्ही ओचानोमिझुला गेलो. स्टेशनबाहेरच्या उतारावर दोन्ही बाजूंना गिटारचीच दुकानं. मी तीन मासिकं वाचून एक यादी केली होती. लिफ्टच्या कामात आधी पुस्तिका वाचायची आणि मगच झाकण उघडायचं, अशी शिस्त असते. त्यामुळे पेडलांबद्दल मला सगळं माहीत होतं. फक्त एकही ऐकलेलं नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या दुकानात वाकुई नावाचा विक्रेता पुढे आला. तिशीतला, केस खांद्यापर्यंत, आणि वागणं एखाद्या चांगल्या दवाखान्यातल्या माणसासारखं.

"मॅडम, कशा प्रकारचा आवाज हवाय?"

रित्सुकोनं विचार करून सांगितलं, "कोणाला त्रास होणार नाही असा."

वाकुईनं मान डोलावली. ही मागणी रोजचीच असावी असा त्याचा चेहरा होता, आणि ती रोजचीच असणार.

"पहिल्यांदाच घेताय, तर मी खरं सांगू का? सगळ्यात आधी हे घ्या." त्यानं एक लहान पांढरी डबी पुढे केली. "यानं तारा सुरात लावता येतात. आणि पायानं दाबलं की गिटारचा आवाज पूर्ण बंद होतो."

"पूर्ण?"

"अजिबात येत नाही."

रित्सुकोच्या चेहऱ्यावर असा आनंद मी वातानुकूलन यंत्र आलं तेव्हाच बघितला होता. "हे घेऊ या," ती मला म्हणाली.

"अगं, आपण आवाज वाढवायला आलोय."

"हे असू दे. हाताशी."

"पायाशी," मी म्हणालो.

मग खऱ्या निवडीला सुरुवात झाली. माझ्या यादीत पाच होती, वाकुईनं सात आणली. एकात आवाज दरीत ओरडल्यासारखा पुन्हा पुन्हा यायचा. एकात तो सार्वजनिक स्नानगृहात गायल्यासारखा घुमायचा. एक सगळे सूर सारख्याच उंचीचे कापायचं, ते मला कुरामोचीबाईंचं वाटलं. आणि एक नारिंगी होतं. त्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात, म्हणजे आवाजाला थोडी धार आणि थोडी खरखर. त्यावर तीन बटणं होती: खरखर किती, चकाकी किती, आवाज किती.

"बसा मॅडम, वाजवून बघा," वाकुईनं दुकानातली एक गिटार सुरात लावून पुढे केली.

दुकानात आणखी एक जण होता. सूट घातलेला, बहुधा शनिवारीही कचेरीत बोलावलेला. भिंतीकडे तोंड करून, स्वतःलाही जेमतेम ऐकू येईल इतकं हळू वाजवत होता. रित्सुकोनं त्याच्याकडे बघितलं, गिटारकडे बघितलं आणि दोन्ही हात मागे घेतले.

"मला नाही येत एवढं. तुम्हीच वाजवा ना, माफ करा."

आता यात नवल काही नाही. आमच्याकडे दुकानात वाद्य वाजवून बघणं म्हणजे अनोळखी माणसांसमोर जेवून दाखवण्यासारखं आहे. अर्धे लोक विक्रेत्यालाच वाजवायला लावतात आणि त्याच्या बोटांवर भुलून पेडल घेऊन जातात. हे मला मासिकात वाचून माहीत होतं. तरीही वाकुई वाजवायला लागला तेव्हा मीही भुललो. त्यानं नारिंगी पेडल दाबलं, एकच सूर लांबवला, आणि रित्सुकोनं डोळे मिटले.

"हेच," ती म्हणाली.

शिवाय त्यानं एवढे कष्ट घेतल्यावर रिकाम्या हातानं उतरणं शक्यच नव्हतं. पांढरं आणि नारिंगी, दोन्ही घेऊन आम्ही खाली आलो, सोबा नूडल्स खाल्ल्या आणि घरी आलो.

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. खाली उबुकाता राहतात. माणूस चांगला, पण कान फार चांगले. घरच्या छोट्या अँपला, म्हणजे गिटारच्या स्पीकरला, नारिंगी पेडल जोडून रित्सुकोनं पाय ठेवला, तशी ती स्वतःच दोन पावलं मागे सरली. मी म्हणालो, "थांब, याची रीतसर तपासणी करू." मी बाहेर जाऊन लिफ्टजवळ उभा राहिलो आणि फोन लावला.

"वाजव."

"वाजवतेय."

"ऐकू येतंय. आवाजाचं बटण थोडं खाली."

"आता?"

"अजून येतंय."

"आता?"

"वाजवतेस ना?"

"हो."

"मग झालं. अगदी बरोबर."

आत येऊन मी तिन्ही बटणांवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा केल्या, टोकं कात्रीनं सरळ कापून. आता पेडल दाबलं की आवाजाला सुंदर खरखर यायची आणि तो न दाबल्यापेक्षाही हळू व्हायचा. आम्हाला दोघांनाही ते पेडल फार सभ्य वाटलं.

पुढच्या बुधवारी मी पिशवी धरायला म्हणून स्टुडिओत गेलो. गाणं सुरू झालं. मध्यावर तिघी मागे सरल्या, रित्सुकोनं नारिंगी पेडलवर पाय ठेवला, आणि गिटार नाहीशी झाली. तिची बोटं चालताना दिसत होती. इसोबेबाईंनी सवयीनं मोकळी जागा भरून काढली.

कुरामोचीबाई थांबल्या. "रित्सुको, तू ते आवाज बंद करायचं दाबलंस."

"नाही, ते पांढरं. हे नारिंगी."

"मग नारिंगी काय करतं?"

"आवाज पुढे आणतं."

कुरामोचीबाईंनी काठ्या मांडीवर ठेवल्या. "बघ बाई, मला तुला दुखवायचं नाही. पण तोफू विकणारी मी. वस्तू दिसायला पाहिजे गिऱ्हाइकाला. आणखी एक बुधवार देते."

घरी आल्यावर रित्सुकोनं तांदूळ धुतले, चार वेळा. एरवी ती तीनदा धुते.

"आपण कमी ताकदीचं घेतलं," मी म्हणालो. "यादीत याच्याहून मोठं आहे एक."

"राहू दे. इसोबेबाई चांगलं वाजवतात."

तिचा हा सूर मी ओळखतो. दुसऱ्या रांगेचा. मी शनिवारी तिला जवळजवळ ओढूनच उतारावर नेलं.

वाकुईनं आम्हाला ओळखलं. मी सगळी हकीकत सांगितली आणि यादीतलं मोठं पेडल मागितलं. हे त्यानं विकलं असतं तरी आम्ही आभारच मानले असते. पण त्यानं आमचं नारिंगी हातात घेतलं आणि वळवून बघितलं.

"खुणा फार व्यवस्थित केल्यात, सर."

"अडतीस वर्षं लिफ्ट तपासल्या."

"दिसतंय. आवाजाची ही खूण... कुठे उभं राहून ऐकून केलीत?"

"लिफ्टजवळ. आमच्या मजल्यावर."

"दार उघडं होतं?"

"बंद. तपासणीच ती."

वाकुईनं पेडल हळूच काउंटरवर ठेवलं. गिऱ्हाइकाला चूक दाखवणं त्याच्या धंद्यात बसत नाही, आणि नाव न घेता चूक दाखवायला वेळ लागतो. शेवटी तो म्हणाला, "लिफ्टजवळच्या लोकांसाठी हे अगदी योग्य लावलंय. जत्रेत लोक थोडे जवळ असतील."

मला उतारावरून खाली गडगडत जावंसं वाटलं. रित्सुको मात्र पेडलकडे बघत राहिली.

"म्हणजे हे बरोबर आहे? दुसरं घ्यायला नको?"

"हे चांगलं आहे, मॅडम. पण मी लावून दिलेलं उपयोगाचं नाही, सरांनी लावलेलंही नाही. तुम्हीच वाजवून, तुम्हीच बटण फिरवायचं. मी त्या कोपऱ्यात तारांची पाकिटं लावतोय. तिथून काही ऐकू येत नाही."

तिथून सगळं ऐकू येत होतं. दुकान एका खोलीचं होतं.

रित्सुको स्टुलावर बसली. आजही एक गिऱ्हाईक होतं, एक बाई, जाड गिटार घेऊन बसलेली. रित्सुको त्या बाईला म्हणाली, "माफ करा." वाकुईच्या पाठीला म्हणाली, "माफ करा." अँपलाही म्हणाली. मग चिकटपट्टीच्या खुणा नखानं उचकटल्या. मी हात पुढे केला, त्यावर तिनं तिन्ही पट्ट्या ठेवल्या, जशा जखमेवरून काढलेल्या पट्ट्या परिचारिकेच्या हातात द्याव्यात.

पहिल्यांदा वाजवलं ते बिचकतच. बोट घसरलं. ती थांबली, आवाजाचं बटण किंचित वर केलं, पुन्हा पहिल्यापासून. मग आणखी वर. चौथ्या वेळी ती तीस सेकंद न थांबता वाजवत गेली. ते काही फार थोर नव्हतं. मधला एक सूर चपटा, जरा उतरलेला होता आणि शेवट तिनं घाईत उरकला. पण तो सूर आमच्या घरातला नव्हता, वृंदातला नव्हता, वाकुईचाही नव्हता. जाड गिटारवाल्या बाईंनी स्वतःचं वाजवणं थांबवलं होतं. रित्सुकोची नजर तिकडे गेली तशी त्यांनी मान किंचित लववली. रित्सुकोनंही लववली. वाकुई तीच चार पाकिटं पुन्हा पुन्हा लावत होता.

"मोठं पेडल?" मी हळूच विचारलं.

"गप्प बसा हो," ती म्हणाली आणि आणखी एकदा वाजवलं.

आम्ही त्या दिवशी तारांचा एक संच तेवढा घेतला, रिकाम्या हातानं जायला नको म्हणून.

बुधवारी मी पुन्हा पिशवी धरायला गेलो. कुरामोचीबाईंनी काठ्या आपटून चार मोजले. इसोबेबाईंनी, मला वाटतं, तीस सेकंदांची तयारी घरून करून आणली होती, कारण त्यांची बोटं आधीच जागेवर होती. मध्यावर तिघी मागे सरल्या. रित्सुकोनं पाय ठेवला.

कुरामोचीबाईंचा एक ठोका चुकला. दंतवैद्यांच्या बायकोनं मान वर केली, तेव्हा तिचा चेहरा मी पहिल्यांदा नीट पाहिला. इसोबेबाईंनी हात हळूच मांडीवर आणून ठेवले. चपटा सूर तसाच चपटा लागला आणि तसाच चपटा सगळ्या खोलीभर गेला.

गाणं संपलं. मग कुरामोचीबाईंनी गळ्यातल्या पंच्यानं कपाळ पुसलं.

"रित्सुको."

"हं?"

"ऐकू आलं. पण आता माझाच ड्रम मला ऐकू येईना. जरा कमी कर ना."

रित्सुको लगेच वाकली. तिचा हात नारिंगी पेडलच्या बटणापर्यंत गेला. मी तिला छत्तीस वर्षं ओळखतो. ते बटण आता किती मागे जाणार याचा अंदाज मी बसल्या जागी बांधला होता.

ती तशीच सरळ उभी राहिली, हात मोकळा.

"कुरामोचीबाई," ती अत्यंत नम्रपणे म्हणाली, "तुम्हीच जरा जोरात वाजवा ना."

इसोबेबाई खोकल्या. कुरामोचीबाईंनी रित्सुकोकडे बघितलं. मग गळ्यातला पंचा काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि काठ्या उचलल्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून."