कुंडीखाली कोंडलेला श्वास

मी एक जुनी पेट्रोलची टाकी आहे. टाकी म्हटलं की लगेच गच्चीवर ऊन खात बसलेली पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणू नका, मित्रांनो. मी जमिनीखालची, लोखंडाची, आणि स्वभावाने जरा तिरसट. एवढी वर्षं अंधारात काढून बघा, मग मला नावं ठेवा.

कारखान्यात माझे पत्रे जोडून झाले तेव्हा कारागिराने पोटावर थाप मारून 'पक्की आहे' म्हटलं होतं. आयुष्यात कौतुक झालं ते तेवढंच. मग खड्डा, वर वाळू, वर काँक्रीट. पंपावर तेव्हा मी एकटीच होते. मालक रोज सकाळी माझ्या तोंडातून लांब पट्टी खाली सोडायचा आणि ओल्या खुणेवरून पेट्रोल किती उरलं ते बघायचा. पुढे धंदा वाढला आणि शेजारी तीन मोठ्या टाक्या आल्या. गरज सरो, वैद्य मरो! माझं तोंड बुजवलं, तळाचं पेट्रोल तसंच राहू दिलं आणि माझ्या डोक्यावर एक खोली बांधली. बाहेर उरला तो फक्त माझा हवेचा पाइप, खोलीच्या भिंतीला लागून वर गेलेला.

तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, पण टाकी श्वास घेते. दुपारी तापलं की पोटातली वाफ फुगून पाइपातून बाहेर पडते. संध्याकाळी गारवा आला की मी बाहेरची हवा आत ओढते. पंप बंद पडला, माणसं गेली, तरी माझा श्वास चालूच होता.

जागा विकायची तर खालची जमीन साफ करून द्यावी लागते. मालकाच्या मुलाने तीन टाक्या दाखवल्या आणि माझ्याबद्दल ताकास तूर लागू दिली नाही. खोली पाडायचा व्याप कोणाला हवा होता? त्या तिघी निघाल्या, त्यांच्याखालची काळी माती निघाली, नवी माती पडली. मला मात्र तोवर गंजून भोक पडलं होतं, आणि थेंब थेंब खाली झिरपत होता.

जागा घेतली एका नणंद-भावजयीने. तिथे त्यांनी रोपवाटिका काढली. नणंदेला सगळे ताई म्हणत, भावजयीला वहिनी. ताईला दुसरं घर नव्हतं की दुसरा उद्योग नव्हता. आता रोपवाल्यांची एक खोड असते, रिकामं तोंड दिसलं की त्यावर कुंडी बसवायची. वहिनीने माझ्या पाइपावर कुंडी ठेवली आणि वाऱ्याने पडू नये म्हणून कडेने सिमेंट लिंपलं. त्यातली वेल जळायची, ती नवी लावायची. वर म्हणायची, इथलं ऊनच मेलं वाईट!

माझा श्वास कोंडला. वाट शोधत तो खोलीतल्या फरशीच्या फटीतून वर येऊ लागला. तिथे ताई दिवसभर रोपांच्या पिशव्या भरत बसायची. तिचं डोकं ठणकायचं, तिला मळमळायचं. आणि फरशीखाली कोणीतरी श्वास घेतंय, असं तिला ऐकू यायचं. तिने वहिनीला सांगितलं. वहिनी आधी हसली, मग घाबरली. डॉक्टरांकडून झोपेच्या गोळ्या आल्या. गिऱ्हाइकं कुजबुजू लागली. शेवटी वहिनीने हळूच सुचवलं, ताईंनी काही दिवस धाकट्या बहिणीकडे जावं, इथलं मी बघते. ते 'काही दिवस' कधी संपणार नाहीत, हे ताईला कळलं. तिने फरशीवर तळहात टेकला आणि तशीच बसून राहिली. मी बरोब्बर तिच्या हाताखाली होते, मित्रांनो, आणि मला बोलता येत नव्हतं. काय हे जिणं!

ती निघाली त्याच दुपारी वेल्डर आला. सावलीच्या जाळीसाठी माझ्या पाइपालाच लोखंडी आडवी पट्टी जोडायची होती. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातकी, कारण तिच्या पोटात वाफच वाफ असते. एक ठिणगी पुरे होती. खोली, रोपं, ती तिघं, काहीच उरलं नसतं.

ताईने पाइपाकडे पाहिलं, तो श्वासाच्या त्याच फरशीखाली उतरत होता, आणि हातातली बॅग खाली ठेवली. आधी कुंडी काढा, म्हणाली. वेल्डर वहिनीच्या तोंडाकडे बघू लागला. वहिनी म्हणाली, उशीर होतोय तुम्हाला. मग ताई स्वतःच स्टुलावर चढली आणि खुरप्याने सिमेंट फोडून तिने कुंडी उचलली.

माझा कोंडलेला श्वास सुटला. लांब, शीळ घातल्यासारखा. सगळीकडे पेट्रोलचा वास पसरला. वेल्डरने मशीन उचललं आणि तो पार रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला. वहिनीने पाइपाच्या तोंडावर तळहात धरला. माझा श्वास तिच्या हाताला लागत राहिला.

"ताई, हे तुम्हाला रोज ऐकू येत होतं?"

"रोज. मला वाटायला लागलं होतं, मीच वेडी आहे."

वहिनी तिथेच रडली.

मग साफसफाईची माणसं आली. वाफ काढून त्यांनी फरशी फोडली आणि मला साखळ्यांनी वर ओढलं. इतक्या वर्षांनी ऊन लागलं, आणि खरं सांगते, मला ते मुळीच आवडलं नाही. खड्ड्यात डोकावून मुकादम म्हणाला, माती काळी आहे, पण झिरपलेलं कुठवर गेलंय कोण जाणे.

वहिनी ताईकडे वळली. "तुम्ही सांगाल तिथे खणू."

ताईने गुडघे टेकून जमिनीला कान लावला. बऱ्याच वेळाने तिने मान हलवली. काहीच ऐकू येत नव्हतं.

कसं येणार? पेट्रोल श्वास घेत नाही. ते मुकाट्याने उताराला लागलं होतं, खालच्या वस्तीतल्या विहिरीकडे. ट्रकवर बांधलेल्या मला ते ठाऊक होतं, आणि सांगायला तोंड नव्हतं.

ताई उठली. पदराने कान पुसत तिने उताराकडे बघितलं.

"ऐकू येत नाही म्हणून थांबू नका," ती म्हणाली. "खालच्या अंगाला खणा. आणि त्या वस्तीतल्या लोकांना आत्ताच सांगा, विहिरीचं पाणी भरू नका."

वहिनी धावतच वस्तीकडे गेली. ट्रक सुरू झाला तेव्हा मुकादमाची माणसं टिकाव घेऊन उतारावर पोचली होती.

मित्रांनो, मी आता भंगारात चालले, माझी काळजी करू नका. जमीन घ्याल तेव्हा तिच्या पोटात काय पुरलंय ते मात्र विचारा. आणि घरातलं कोणी म्हणालं की खालून श्वास ऐकू येतो, तर त्याला गोळ्या देण्याआधी त्याच्या शेजारी एकदा बसून बघा.