पक्का दोरा

"वन्सं, जरा इकडे या हो! पेटीतून काहीतरी लोंबतंय."

शिलाईमावशींच्या यंत्राचं पायडल थांबलं होतं. एरवी ते जेवायच्या हाकेलाही थांबत नसे. ओल्या हातांनीच नणंद स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि खिडकीबाहेर डोकावली.

"वाळकं पान असेल. तुझ्या लाडक्या चिमण्या काय काय आणून ठेवतात तिथे! सकाळी मी झाडायचं आणि दुपारी पुन्हा उकिरडा."

तेवढ्यात त्या वाळक्या पानानं पंख फडफडवले.

खिडकीवर चिमण्यांसाठी ठोकलेल्या लाकडी पेटीच्या भोकातून चिमणीचं पिल्लू एका पायावर उलटं लटकत होतं. घरट्यातून पहिली झेप घेताना त्याचा पाय कशात तरी अडकला होता. चिमणी तारेवरून पेटीवर, पेटीवरून तारेवर अशी ओरडत फिरत होती.

मावशी स्टुलावर चढल्या. पिल्लू ओंजळीत घेऊन त्यांनी वरचा दोरा पकडला आणि सवयीनं ताणून पाहिला. दोरा तुटला नाही. मग त्यांचं लक्ष त्याच्या निळ्या रंगाकडे गेलं. हाताला ठाऊक असलेला तो गुळगुळीतपणा. त्या तशाच उभ्या राहिल्या.

"अगं, कात्री देऊ का? उभी काय राहिलीस?"

"वन्सं, हा दोरा माझा आहे."

खरंच तो त्यांचाच होता. घरटं बांधायचे दिवस आले की शिवणातली दोऱ्यांची टोकं मावशी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवत. यजमान असताना दोघं मिळून ठेवत, ते गेल्यावर एकट्या. आधी त्या साधा सुती दोरा ठेवायच्या. मग एकदा वाऱ्यानं अर्धं घरटं खाली आलं, तेव्हा मावशींना वाटलं, आपणच कच्चा माल दिला. तेव्हापासून त्या दप्तरं शिवायच्या नायलॉनच्या दोऱ्याची लांब लांब टोकं चिमण्यांसाठी राखू लागल्या. गिऱ्हाइकांना त्या अभिमानानं सांगत, "दप्तर फाटेल, पण शिवण उसवणार नाही."

दोरा वरून कापून पिल्लाला यंत्राच्या दिव्याखाली आणलं. नणंदेनं ते पदरात धरलं. एवढी झुरळाला घाबरणारी बाई, पण तिची पकड अगदी हलकी आणि पक्की होती. दोरा पिल्लाच्या पायात रुतून बसला होता. मावशींनी टाके उसवायची बारीक कात्री उचलली आणि तशीच खाली ठेवली. रेशमावरचा चुकलेला टाका कापडाला कळू न देता काढणारा हात तो.

"मला नाही जमायचं, वन्सं."

"जमेल. साडीचा फॉल उसवतेयस असं समज. आणि रडू नकोस, दिसायचं नाही."

एकेक वेढा सुटत गेला. शेवटचा निघाला तेव्हा पायाची बोटं काळी पडून आत वळलेली दिसली. कट्ट्यावर ठेवल्यावर पिल्लू क्षणभर कलंडलं, मग वेडंवाकडं उडत समोरच्या भिंतीवर जाऊन बसलं. चिमणी त्याच्याजवळ गेली.

"बघ, उडालं," नणंद म्हणाली.

"पाय गेला त्याचा."

"जीव तर वाचला ना!"

मावशींनी कात्री खणात ठेवून दिली.

बाकीची पिल्लं उडून गेल्यावर नणंदेनं पेटी उतरवून घेतली. "दादानं ठोकली तेव्हाच बजावलं होतं, मोसम संपला की रिकामी करत जा म्हणून. पण तुझं आपलं, राहू दे, त्यांचं घर आहे!" तिनं जमिनीवर जुनं कापड पसरून पेटी उलटी केली. घरट्यावर घरटं रचलेला गठ्ठा बाहेर आला.

वरच्या थरात निळा दोरा होता. त्याच्या खाली हिरवा, शेजारच्या सुनेच्या प्रवासी पिशवीचा. त्याखाली तांबडा. मावशी एकेक रंग ओळखत होत्या. पुतणीच्या पहिल्या दप्तराचा पिवळा दोरा दिसला तेव्हा त्या हसल्यासुद्धा. त्यांनी तो अलगद ओढला.

दोऱ्याच्या टोकाला एक वाळून कोळ झालेलं पिल्लू होतं. दोरा त्याच्या दोन्ही पायांना गुंडाळलेला होता. त्याच्याजवळच, तांबड्यात अडकलेलं, आणखी एक.

नणंदेचं तोंड एरवी झोपेतच काय ते बंद असे. आता ती कापडाची कड नीट करत बसली. मग म्हणाली, "वहिनी, तुला कुठे माहीत होतं?"

"चिमण्यांचं नव्हतं माहीत," मावशी म्हणाल्या. हातातला पिवळा दोरा त्यांनी खाली ठेवला नव्हता. "पण दोरा तर मला माहीत होता, वन्सं. तो तुटत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?"

त्या दिवशी यंत्र पुन्हा सुरू झालं नाही. पिल्लं नणंदेनंच अंगणात कुंपणाजवळ पुरली. पेटी गरम पाण्यानं धुऊन, उन्हात वाळवून पुन्हा जागेवर लावली. मावशी ते खिडकीतून बघत राहिल्या.

पुढच्या मोसमात अंगणात एक नवल घडलं. सगळं अंगण आरशासारखं लखलखीत ठेवणारी नणंद कुंपणाजवळ आली की झाडू थांबवू लागली. तिथे वाळलेलं गवत आणि कोंबडीची पिसं तशीच पडून राहत. शेजारीण म्हणाली, "काय हो, डोळे अधू झाले वाटतं?" नणंद म्हणाली, "हो, तेवढ्यापुरते."

एका सकाळी चिमणी खिडकीच्या कट्ट्यावर आली. दोरे ठेवायची जागा तिनं चोचीनं चाचपली. मान तिरकी करून आत पाहिलं. तिथेच थांबली.

मावशींच्या पायाशी दोऱ्यांची पिशवी होती. त्यांनी यंत्रावरची नजर उचलली नाही.

"अजून बसलीय का हो?"

"बसलीय," अंगणातून नणंद म्हणाली. "तू तुझं शिव. येईल ती खाली."

पायडल चालत राहिलं. चिमणीनं आणखी थोडी वाट पाहिली, आणि मग ती खाली गवताकडे उडाली.