पहिल्या रांगेतले तिघे

लोपेती बोटीतून उतरला तेव्हा सेमिसीला आधी त्याचे गुडघे दिसले. दोन्ही गुडघ्यांना पट्टे आवळलेले, आणि माणूस खेकड्यासारखा तिरका तिरका फळीवरून खाली येत होता.

"म्हातारा झालास की रे!" सेमिसी धक्क्यावरून ओरडला.

"आणि तू? तुझं पोट तर तुझ्याआधी धक्क्यावर येऊन उभं राहिलंय!"

दोघांनी एकमेकांना घट्ट मिठी मारली. लोपेती ऑकलंडला गेला त्याला तीस वर्षं होत आली होती. तिकडे गोदामात राबला, पोरं शिकवली, आणि आता गावच्या ख्रिस्ती देवळाच्या शंभरीसाठी टोंगातल्या हापाईला, आपल्या बेटावर परत आला होता. सेमिसी इथेच राहिला. कोनफळांचा मळा, एक होडी, चार मुली.

दुपारी सेमिसीच्या बायकोनं, लोसेनं, भुईतली भट्टी उघडली. अळूच्या पानांत बांधून नारळाच्या दुधात शिजवलेलं मांस लोपेतीनं बोटं चाटत खाल्लं, हात पुसले आणि हळूच म्हणाला, "सेमिसी, मॅच सापडली."

"कुठली मॅच?"

"आपली. दुसरी कुठली? माझ्या धाकटीनं शोधून काढली. तिकडच्या टीव्हीवाल्यांकडे जुन्या फिती पडून होत्या. अख्खी नाही, पण उत्तरार्ध आहे. आणि आपण मैदानात उतरतो ते आहे."

ती मॅच सेमिसीनं कधीच पाहिली नव्हती. गावात कुणीच नव्हती पाहिली. गावानं ती रेडिओवर ऐकली, तीही खरखरीतून. आणि गंमत म्हणजे रेडिओवरच्या माणसाला गावातल्या तीन पोरांची नावंच ठाऊक नव्हती. तो आपला "टोंगाचे नवे गडी, टोंगाचे नवे गडी" करत राहिला. तेव्हापासून गावातली टवाळ मंडळी कावा, ते मुळ्यांचं गुंगीचं पेय, प्यायला बसली की विचारायची, "काय रे सेमिसी, खरंच खेळलात, की बाकावर बसून केळी खाऊन आलात?"

खेळले होते. तिघेही.

सेमिसी, लोपेती आणि फाताई. एकाच आळीतले, एकाच शाळामास्तरांनी रग्बीत घडवलेले. मैदान म्हणजे देवळामागची जागा, तीही डुकरांच्या मालकीची. रग्बीत स्क्रम असतो. दोन्ही संघांचे आठ-आठ गडी खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना रेटतात, आणि सगळा भार पहिल्या रांगेतल्या तिघांवर येतो. सरावाला समोर दुसरे आठ जण मिळायचे नाहीत. मग मास्तर या तिघांना किनाऱ्यावर न्यायचे आणि ओहोटीला वाळूत रुतलेल्या होड्या खांद्यानं वर चढवायला लावायचे. डावीकडे लोपेती, उजवीकडे सेमिसी, मध्ये फाताई. ठेका फाताई धरायचा. त्याच्या "हो-ओ-इ!"वर तिघांचे पाय एकदमच वाळूत रुतायचे.

त्या वर्षी देशाचा संघ न्यूझीलंडला मोठ्या स्पर्धेला गेला, त्यात हे तिघे राखीव म्हणून होते. पिशव्या उचलायच्या, पाणी द्यायचं, प्रार्थनेत आवाज चढवायचा. पण शेवटच्या मॅचच्या आधी पहिल्या रांगेतले दोघे जायबंदी झाले आणि तिसरा तापानं फणफणला. समोर युरोपातला बडा संघ. प्रशिक्षकांनी तिघांना समोर बसवलं आणि म्हणाले, "हरणार तर आहोतच. पण पोरांनो, मागं सरकत हरू नका."

संध्याकाळी लोसे भांडी घासत होती तेव्हा सेमिसी तिच्यापाशी येऊन उभा राहिला.

"शनिवारी दुपारी देवळाच्या सभागृहात दाखवू म्हणतो लोपेती. शाळेचा प्रोजेक्टर आहे."

"मग?"

"कालोलाइने मावशीला नको बोलवायला."

लोसेचे हात थांबले. कालोलाइने म्हणजे फाताईची आई. स्पर्धेहून परतल्यावर दुसऱ्याच वर्षी फाताई मासेमारीला गेला आणि वादळात सापडला. होडी मिळाली, तो नाही.

"नव्वदीला आलीय ती," सेमिसी म्हणाला. "सोसणार नाही तिला."

"तिला सोसणार नाही की तुला?"

"लोसे…"

"तिच्या लेकाला ती बघेल की नाही हे ठरवणारा तू कोण रे? जा. विचार तिला."

तो गेला. म्हातारी ओसरीवर चटई विणत बसली होती. डोळे अधू झाले होते, पण बोटं आपोआप चालत होती. सेमिसीनं आडवळणानं सुरुवात केली. हवा, देवळाची शंभरी, लोपेतीचे गुडघे. म्हातारीनं ऐकून घेतलं.

"सेमिसी, तू लहानपणी माझे आंबे चोरायचास तेव्हाही असाच बोलायचास. काय ते सांग."

त्यानं सांगितलं. तिची बोटं थांबली.

"हलतो का तो?" तिनं विचारलं. "फोटोसारखा नाही ना? हलतो?"

"हलतो, मावशी. धावतो."

"मला पुढं बसव. अगदी पुढं."

शनिवारी सभागृहाच्या खिडक्यांना झाडाच्या सालीच्या कापडाचे भलेमोठे तुकडे टांगून अंधार केला. पांढरी चादर ताणून बांधली. अख्खं गाव मांडी घालून बसलं होतं आणि टवाळ मंडळी मुद्दाम केळी घेऊन आली होती.

चादरीवर करडं आभाळ दिसलं, ओलं मैदान, आणि एका दारातून लाल कपड्यांतली पोरं धावत बाहेर आली. सेमिसीनं स्वतःला ओळखलंच नाही. लोसेनं ओळखलं.

"अगं बाई, केवढा हा बारीक!"

सगळे हसले. त्याच्यामागून एक पोरगा आला, रुंद खांद्यांचा, तोंड भरून हसणारा. धावता धावता त्यानं बाहीनं नाक पुसलं आणि पुढच्याला गाठून काहीतरी म्हणाला.

मग पुढून म्हातारीचा आवाज आला, चांगला खणखणीत.

"बघा, बाहीला नाक पुसतोय! सांगून सांगून जीभ झिजली माझी!"

हसू फुटलं आणि त्याच हसण्यात बायका रडायला लागल्या. लोपेतीनं सेमिसीच्या खांद्यात तोंड खुपसलं.

मग तो स्क्रम आला. टोंगाच्याच गोलरेषेपाशी, चेंडू त्या बड्या संघाचा. सोळा जण वाकले. सेमिसीच्या आठवणीत ते रेटणं कितीतरी वेळ चाललं होतं. चादरीवर ते बघता बघता संपलं. पण बडा संघ मागं सरकला, आधी वीतभर, मग दोन पावलं, मग त्यांची रांगच विस्कटली आणि ते परके प्रेक्षक उठून उभे राहिले. टोंगा हरलंच, थोडक्यात. पण खेळ संपल्यावर ते दांडगे गडी येऊन या तिघांची नावं विचारत होते, आणि तेही फितीत होतं.

टवाळांपैकी एक जण उठला आणि हातातलं केळं त्यानं सेमिसीसमोर ठेवलं. "घे बाबा. मानलं."

लोपेतीनं पुन्हा स्क्रम लावायला हात पुढं केला, तर म्हातारी म्हणाली, "ती ढकलाढकली नको. धावत येतो ते लाव."

ते त्यांनी पुन्हा लावलं. मग पुन्हा. कुणीही उठून गेलं नाही. म्हातारी चादरीच्या इतकी जवळ सरकली की लेकाचा उजेड तिच्या कपाळावर पडत होता.

ऊन कललं तेव्हा सेमिसी तिला हात धरून घरी घेऊन निघाला. वाटेत ती थांबली.

"नाक पुसून तो काहीतरी बोलला. तुझ्याशीच ना?"

"हो."

"काय म्हणाला?"

सेमिसीला शब्दन् शब्द आठवत होता. इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं.

"म्हणाला, सेमिसी, इथं थंडीनं तोंडातून धूर निघतोय. आईनं बघितलं तर म्हणेल, विड्या ओढायला लागलास!"

म्हातारीचे खांदे हलायला लागले. सेमिसी घाबरला, वाकून पाहतो तर ती हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसू थांबत नव्हतं.

"म्हटलंच असतं मी," ती म्हणाली. "अगदी अस्संच म्हटलं असतं."

रविवारी देवळाच्या पायरीवर ती भेटेल त्याला थांबवून लेकाचं ते बोलणं सांगत होती.