सीट पार मागे होती

थोरल्याने तिसऱ्यांदा खुर्ची पुसली आणि फडका खिशातच कोंबला. हवालदार येऊन बसला तरी थोरल्याच्या ते लक्षात आलं नाही. फडक्याचं टोक तसंच लोंबत राहिलं.

आई चहा टाकायला आत गेली. धाकटा बारक्या सैन्यात निवडला गेल्यापासून तिचे पाय जमिनीवर नव्हते. धावणं झालं, छाती मोजून झाली, डोळे-कान-दात सगळं तपासून झालं. उरली होती फक्त पोलिसांची चौकशी, आणि घोडं नेमकं तिथेच अडायची भीती होती. कारण बारक्याच्या नावावर एक केस होती. सोळाचा असताना त्याने म्हणे भावाची गाडी काढली आणि एका हातगाडीवाल्याला उडवलं. माणूस वाचला, पण गुडघ्यातून कायमचा अधू झाला.

खरं काय ते घरात दोघांनाच ठाऊक होतं. गाडी थोरला चालवत होता.

त्याला शाळेच्या व्हॅनवर लागून तेव्हा महिनाही झाला नव्हता. "तू लहान आहेस, तुला ओरडून सोडतील. माझं लायसन गेलं तर घराची चूल बंद होईल," असं तो म्हणाला, आणि बारक्या सरकून स्टिअरिंगमागे बसला. खरंच ओरडून सोडलं. वाटलं, मिटलं. मिटतंय कसलं! खाई त्याला खवखवे. चार वर्षं थोरला दारावरच्या प्रत्येक थापेला दचकत होता.

पण आज त्याने ठरवलं होतं. सगळं सांगून टाकायचं, केस आपल्या अंगावर घ्यायची आणि पोराची वाट मोकळी करायची. नोकरी जाईल, जाऊ दे. कदाचित आतही जावं लागेल. तरी ठरलं ते ठरलं.

"साहेब, मला जरा..."

"थांबा हो, आधी वाचू." निवृत्तीला टेकलेल्या हवालदाराने पिशवीतून फॉर्म काढला, चष्मा चढवला. "कधी अटक किंवा खटला? हो. शाबास! निम्मी पोरं इथे 'नाही' लिहितात आणि तोंडघशी पडतात. तपशील. भावाला न विचारता गाडी काढली. मी चालवत असताना अपघात झाला. चूक माझी एकट्याची होती. खाली शपथ, सही. बरोबर?"

"बरोबर," बारक्या म्हणाला. तो भिंतीपाशी हात मागे बांधून ताठ उभा होता.

थोरल्याची पाचावर धारण बसली. शपथेवर लिहिलं या गाढवाने!

"साहेब, मला बोलायचंय."

हवालदाराने चष्मा काढून शर्टाला पुसला.

"त्या दिवशीचा पंचनामा मीच केला होता," तो हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं म्हणाला. "गाडीची सीट पार मागे सरकवलेली होती. हा तेव्हा एवढासा. तिथे बसून याचा पाय ब्रेकला पोचलाच नसता." त्याने थोरल्याच्या लांबलचक पायांकडे पाहिलं. ते टेबलाखाली धड मावतही नव्हते. "मी वरच्यांना बोललो. ते म्हणाले, पोरगा कबूल करतोय ना, मग तू कशाला नाक खुपसतोस?"

सीट! जागा बदलली, जबाब जुळवला, आणि ड्रायव्हर असून सीट पुढे ओढायला विसरलो. थोरल्याला दरदरून घाम फुटला.

"मग... मला तेच सांगायचंय."

"आधी नीट ऐका. वय सोळा, ताकीद देऊन सोडलेला. असल्या केसवर पोरगं अडत नाही. अडतं ते खोटं लिहिल्यावर. हा कागद खोटा ठरला तर याला सैन्याचं दार जन्मभर बंद." त्याने फॉर्म थोरल्यापुढे सरकवला. "वरचा मजकूर खरा आहे म्हणून घरातल्या मोठ्याची सही लागते. आता बोला, काय बोलायचंय?"

थोरल्याने बारक्याकडे पाहिलं. बारक्याने नुसती मान हलवली. नको.

आणि थोरल्याच्या मनात पहिल्यांदा काय यावं? सुटलो. सुंठेवाचून खोकला गेला. मग त्याला स्वतःची शिसारी आली. त्याने सही केली. हवालदाराने कागद दाबून धरला होता.

आई चहा घेऊन आली. "झालं का हो?"

"झालं ताई. पोराची बॅग भरा."

तिने डोळ्यांना पदर लावला आणि थोरल्याच्या पाठीवरून हात फिरवला. "बापाच्या जागी उभा राहिलास रे," असं म्हणून ती शेजारी सांगायला धावली. हवालदारही चहा संपवून उठला, जिना उतरला.

"मी सांगणार होतो," थोरला म्हणाला. "आईशप्पथ, आज सांगणार होतो."

"माहितीये. तू कधीतरी कच खाऊन बोलून टाकशील, म्हणून तर आधीच लिहून टाकलं."

"माझ्यावर चिडला नाहीस कधी?"

"पहिली दोन वर्षं चिडलो. रोज वाटायचं, आज दादा बोलेल. मग वाट बघणं सोडून दिलं." त्याने भावाच्या खिशातला फडका ओढून काढला आणि टेबलावर ठेवला. "आता घाबरू नकोस. तुला कुणी कधीच विचारणार नाही."

कधीच. थोरल्याच्या अंगावर काटा आला. खाली स्कूटर सुरू झाली तसा तो झपाट्याने खिडकीशी गेला, हाक मारायला तोंडही उघडलं. हवालदाराने वर पाहिलं आणि एक पाय जमिनीवर टेकून तो थांबला, बराच वेळ थांबला.

थोरल्याने हात हलवून त्याला निरोप दिला.